म्हैसमाळची मुसळी आणि गौताळ्याची मुसळी

या वेळी कुठं जायचं ते मी ठरवलं नाही, आमच्या गुरुजींनी ठरवलं.

गुरुजी म्हणजे कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत आम्हाला शिकवणारे एकटे मास्तर. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. गावी गेलो की मी त्यांच्या ओट्यावर तासभर बसतो. आषाढात गेलो तेव्हा त्यांनी सुनेला आत जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "सोपान, तू मोटारसायकलवर हिंडतोस, फोटो काढतोस, लिहितोस. माझं एक काम कर. म्हैसमाळच्या पठारावर पाणथळ चिबडात जी पांढरी मुसळी फुलते, ती आणि आपल्या डोंगरात झाडीखाली होती ती, दोन्ही एकच का वेगळ्या, एवढं बघून ये."

मला लगेच कळलं ते कशाबद्दल बोलत होते.

मी तिसरीत असताना शहरातल्या शहागंज बाजारातला एक जडीबुटीचा व्यापारी गावात आला होता. त्याला मुसळीच्या मुळ्या हव्या होत्या. शाळेच्या छपरावर तेव्हा पत्रे नव्हते, पावसात पाटी डोक्यावर धरून आम्ही बसायचो. गुरुजींनी डोंगरात जाऊन ते पांढरं फूल पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "हीच मुसळी म्हैसमाळला हजारोंनी असते. कितीही काढा, संपायची नाही." दोन पावसाळे सगळी शाळा खुरपी घेऊन डोंगरात जात होती. मीही होतो, आणि माझी पिशवी सगळ्यांत आधी भरायची म्हणून मला फार अभिमान होता. शाळेवर पत्रे आले. तिसऱ्या पावसाळ्यात डोंगरात एकही फूल दिसलं नाही, आणि त्यानंतर आजतागायत नाही.

"तेव्हा वाटलं, पाऊस कमी झाला म्हणून," गुरुजी म्हणाले. "आता डोळे नाहीत, तर दिवसभर तेच दिसतं. ते फूल पठारावरचंच असेल तर काही बिघडलं नाही, इथून गेलं तरी तिथं आहे. वेगळं असेल, तर मी पोरांना खोटं शिकवलं आणि त्यांच्याच हातानं ते संपवलं. जे असेल ते सांग. माझ्या वयाकडं बघून लपवू नको."

मी वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. श्रावण लागल्यावर मंगळवार-बुधवारची रजा टाकली. तुम्हाला या भागात यायचं असेल तर हेच वार धरा. श्रावणी सोमवारी वेरूळला आणि शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की गाडी दोन-दोन किलोमीटर अलीकडं लावावी लागते.

सकाळी सहाला निघालो. नगर नाक्यावरून डावीकडं वळलं की दौलताबादचा रस्ता. किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, त्यामुळं सकाळी लवकर पार झालेलं बरं. पुढं कागजीपुऱ्यावरून घाट चढून खुलताबाद. तिथं भद्रा मारुतीला थांबलो. इथला मारुती निजलेला आहे. दर वेळी त्याच्यासमोर आपण आपोआप हळू बोलतो. मंदिराबाहेर पोहे आणि चहा घेतला, चाळीस रुपयांत पोट भरलं. खुलताबादहून म्हैसमाळ अर्ध्या तासाचं. रस्ता आता बरा आहे, पण शेवटच्या चढाला धुकं उतरलं की दिवे लावून, हॉर्न वाजवतच जायचं. रेनकोट हवाच, छत्रीचा वर काही उपयोग नाही, वारा ती उलटी करतो.

गिरिजादेवीच्या देवळात डोकं टेकवून मी पठारावर गेलो. श्रावणात म्हैसमाळ म्हणजे ओली सतरंजी. काळ्या खडकावर वीतभर माती, तिच्यात पाणी मुरायला जागा नाही, म्हणून सगळीकडं चिबड. पाय ठेवला की बुटाच्या कडेनं पाणी वर येतं. आणि त्या चिबडात, गवतात, खडकाच्या खाचेत, जिथं बघाल तिथं मुसळी. लांबून वाटतं कुणी तांदूळ उधळलेत. जवळ जाऊन मी गुडघ्यावर बसलो. सहा पाकळ्या, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं फूल, मधोमध पिवळे परागकोश. एका दांड्यावर थोडी फुलं, एकमेकांपासून अंतर ठेवून. पानं लांब, रुंद, जमिनीवर पसरलेली. वहीत सगळं लिहिलं, पट्टीनं मोजलं. उपटलं काहीच नाही.

कणीस भाजणारा एक जण बराच वेळ माझ्याकडं पाहत होता. शेवटी तो उठून आला.

"काय हरवलं का भाऊ?"

"नाही, फुलं बघतोय."

"लोक इथं ढग बघायला येतात. तुम्ही दोन तासांपासून मेंढीवानी खाली मान घालून हिंडताय. म्हटलं, अंगठी पडली असंल बाईसाहेबांची."

"बाईसाहेब घरी आहेत."

"मग तर बराच वेळ हाय तुमच्याकडं," तो म्हणाला आणि न विचारता एक कणीस माझ्या हातात दिलं. त्याला मी झाडीतल्या मुसळीबद्दल विचारलं. "झाडीतली इथं नाय. ती गौताळ्याकडं. तिकडं मेंढरंवाल्यांला विचारा, त्यांना एकेक पाला माहीत असतो. पुस्तकवाले येतात, ते बी त्यांनाच विचारतात."

मुक्काम वेरूळला केला. भक्तनिवासात साधी स्वच्छ खोली मिळते, फक्त आधी फोन करून जा. पहाटे घृष्णेश्वराच्या रांगेत उभा राहिलो. इथं गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातला सदरा काढून जायचं असतं. उघड्या अंगानं, ओल्या दगडावर, वीस-पंचवीस अनोळखी माणसांबरोबर उभं राहिलं की स्वतःबद्दलचं बरंच काही बाहेर खुंटीला राहतं. पिंडीवर हात ठेवला आणि माझ्या मनात आलं, देवा, दोन्ही एकच असू देत. बाहेर येऊन सदरा घालताना स्वतःचीच लाज वाटली. त्या डोंगरात जे हजारो वर्षं उगवत होतं, ते मी एका पहाटेत बदलून मागत होतो.

वेरूळहून कन्नड तासाभराचा रस्ता. कन्नडला पेट्रोल भरून घ्या, पुढं भरवसा नाही. तिथून गौताळा अभयारण्याचं फाटक अर्ध्या-पाऊण तासावर. नाव लिहून, पावती फाडून आत जायचं. फाटकावरच्या वनरक्षकाला मी काय बघायला आलोय ते सांगितलं. त्यानं माझ्या वहीकडं, पट्टीकडं पाहिलं.

"बघा, मोजा, फोटो काढा. हात लावायचा नाही. पान जरी तोडलं तरी मी इथंच बसवून ठेवीन."

"मी तोडायला आलोच नाही."

"सगळे तेच म्हणतात. परत जाताना मी पिशवी बघतो."

आत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंजन, धावडा, साग. पठारावर वाऱ्याचा आवाज होता, इथं पानांवरून पडणाऱ्या थेंबांचा. दुपारपर्यंत मी पायवाटेच्या कडेकडेनं फिरलो. तेरडा दिसला, रानहळद दिसली, मुसळी नाही. देवदर्शनाला आलेली दोन कुटुंबं भेटली, त्यांनी भगरीचा डबा पुढं केला. एक वाजता, एका उतारावर, धावड्याच्या सावलीत एक दिसली. मग तिच्या मागं दुसरी. एका जागी उभं राहून मी मोजल्या, सतरा होत्या.

खाली बसलो. सहा पाकळ्या, पांढऱ्या, पिवळे परागकोश. पहिल्या नजरेत तीच. माझा जीव हलका झाला. मग वही काढली आणि एकेक ओळ ताडून पाहिली. फूल पठारावरच्यापेक्षा लहान. दांड्यावर फुलं तीन-तीनच्या घोसात, दाट. न उमललेल्या कळ्यांमधून केसासारखी लांब तुसं बाहेर आलेली, त्यामुळं शेंडा छोट्या कुंचल्यासारखा दिसत होता. म्हैसमाळला तसा शेंडा एकाही झाडाला नव्हता. पानंही अरुंद. तरी मी स्वतःला समजावत राहिलो, की सावलीत वाढल्यानं फूल लहान राहिलं असेल, आपल्याला काय कळतं.

परत निघालो तर फाटकावर वनरक्षकानं खरंच पिशवी पाहिली. वही, पट्टी, रेनकोट. मग त्यालाच वाईट वाटलं असावं, म्हणाला, "खालच्या वस्तीवर ठकूमावशी आहे, तिला भेटा. तिच्याएवढं हे रान मलाही माहीत नाही."

अभयारण्याच्या हद्दीबाहेर, डांबरी सोडून आत, चार-पाच घरांची धनगरवस्ती. ठकूमावशी साठ-पासष्टच्या. दारात बसून लोकर विंचरत होत्या. मी नमस्कार करून कशासाठी आलो ते सांगितलं.

"सरकारी हायेस का?"

"नाही मावशी. वाळूजला कंपनीत आहे."

"मग फुलाचं काय करतोस? कंपनीत फुलं बनवायलेत का आता?"

मी त्यांना मोबाईलवर दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"ह्या काचंत मला काय दिसत नाय. चल."

घरामागं त्यांच्या मक्याच्या बांधाला, बोरीच्या सावलीत, चार मुसळ्या होत्या. कुंचल्यासारख्या शेंड्याच्या. आपल्याच बांधावर असल्यानं मावशींनी एकीच्या बुडाशी बोटानं माती बाजूला केली. पांढरी, जाड मुळं बुडालाच चिकटलेली, एका मुठीत मावतील अशी, बाळाच्या बोटांसारखी. अशीच मुळं लहानपणी मी पिशवीत भरली होती.

"ही रानातली. हिची बोटं बुडालाच असत्यात. माळावरली येगळी. तिला खाली दोरे असत्यात, लांब-लांब, अन् त्या दोऱ्यांच्या शेवटाला गड्डे. ते काढायला कोण बसतंय? म्हणून ती ऱ्हायली, ही चालली."

"म्हणजे एकच नाहीत?"

"सख्ख्या बहिणी हायेत. पण एकीला दुसरीच्या घरी नांदवून बघ, नांदत नाय. ही चिबडात लावली तर सडती. ती सावलीत फुलत नाय. माझ्या सासूनं लावून बघितली व्हती."

त्यांनी माती परत सारखी केली, तळहातानं दाबली. मग शेजारचा एक गोटा उचलून झाडाजवळ ठेवला.

"हे कशाला?"

"आत्ता फूल हाय, तर दिसती. दसऱ्यापतोर पाला वाळून जातो, मग कुठं हाय ते कळत नाय. म्हणून आत्ता गोटा ठेवायचा, अन् दसरा झाल्यावर उकरायचं. तवर बी पडून जातं. उकरलं तरी सगळी बोटं घ्यायची नाय. बुडाला दोन ठेवायची अन् बूड परत मातीत लावायचं. आमच्यात कोणी फुलावरली मुसळी काढत नाय. गाभण मेंढी कापल्यावानी हाय ते."

मी त्या गोट्याकडंच बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही काढली व्हय? फुलावरली?"

"हो मावशी. लहान होतो. सगळी शाळा काढत होती. फूल बघूनच ओळखायची, असं शिकवलं होतं."

"मास्तरानं?"

"हो."

ठकूमावशींनी दारात येऊन परत लोकर हातात घेतली. विंचरता विंचरता म्हणाल्या, "मास्तर माणूस फुलावरनंच वळखणार. त्याला गोटा ठेवायचं कोण सांगणार? आम्हाला कोणी शाळंत बोलावलं नाय." त्यात टोमणा होता, पण धार नव्हती. मग त्यांनी ताकाचा तांब्या पुढं केला.

मी विचारलं, आमच्या डोंगरात लावायला एखादं बूड मिळेल का. "दसऱ्यानंतर ये," त्या म्हणाल्या. "आत्ता रडलास तरी बी देणार नाय."

तिथून आमचं गाव पाऊण तासावर. अर्ध्या वाटेत मारुतीचा एक पार आहे, तिथं मी गाडी लावली. तेलाच्या वासात बराच वेळ बसलो. खरं सांगायचं तर मी खोटं रचत होतो. म्हणायचं, गुरुजी, एकच आहे, सावलीत लहान राहते एवढंच. त्यांना डोळे नाहीत. वही ते वाचू शकत नाहीत. आता किती दिवस उरलेत. आणि मी काही त्यांच्यासाठीच रचत होतो असंही नाही, सगळ्यांत आधी भरणारी ती पिशवी माझीच होती. मारुतीसमोर हात जोडून बसलो तर शब्द सगळे तयार होते, पण त्या तोंडानं स्तोत्र म्हणता येईना. उठलो आणि निघालो.

गुरुजी ओट्यावरच होते. मोटारसायकलचा आवाज ओळखून म्हणाले, "आलास का? आधी चहा घे." सूनबाईंनी चहा आणला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, फूल, कुंचल्यासारखा शेंडा, बोटांसारखी मुळं, दोऱ्याला लटकणारे गड्डे. दसरा आणि गोटाही सांगितला. बी पडायच्या आत आपण काढत होतो, हेही सांगितलं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "गौताळ्यात किती होत्या?"

"मला दिसल्या त्या सतरा."

"सतरा," ते म्हणाले. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडं रागानं बघत. मला वाटलं, चुकलं माझं.

"सोपान, तुझ्या वर्गातलं कोण कोण आहे तुझ्या मोबाईलमध्ये?"

"चार-पाच जण आहेत गुरुजी."

"लाव."

"कशाला, मामंजी?" सूनबाई म्हणाल्या.

"मी त्यांना शिकवलंय. मीच दुरुस्त करायला पाहिजे."

पहिला फोन रामभाऊला लागला. तो वाळूजलाच असतो, दुसऱ्या पाळीला. मागं मशीनचा आवाज येत होता. मोबाईल स्पीकरवर टाकून गुरुजींच्या समोर धरला.

"रामा, मी गुरुजी बोलतोय. तिसरीत तुम्हाला मुसळी दाखवली होती, आठवतं?"

"गुरुजी? नमस्कार गुरुजी. तब्येत बरीय ना? कोणाचं काय झालं?"

"कोणाचं काही झालं नाही. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. पठारावरची मुसळी आणि आपल्या डोंगरातली, दोन्ही वेगळ्या आहेत. एक संपली तरी दुसरी आहे, असं नसतं. कळलं?"

"कळलं, गुरुजी," रामभाऊ म्हणाला. त्याचा सूर अगदी तिसरीतला होता.

दुसरा कचरू, तो ट्रक चालवतो. नाशिकच्या अलीकडं कुठंतरी धाब्यावर होता. तो आधी हसला. "गुरुजी, चाळीस वर्षं झाली. आता पन्नाशीच्या पोराला काय शिकवता?"

"पन्नाशीचा झालास म्हणून चुकीचं बरोबर होत नाही, कचऱ्या. ओळखायचं कसं ते ऐक." आणि ज्या माणसानं दोन्ही फुलं शेजारी-शेजारी कधी पाहिली नाहीत, आणि आता पाहू शकणारही नाही, तो माणूस मी अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं एकही चूक न करता सांगू लागला. चिबडातली, मोठं फूल, दोऱ्याला गड्डे. झाडीतली, लहान फूल, तीन-तीनचा घोस, शेंड्याला कुंचला, बोटं बुडाला. फुलावर असताना काढायची नाही. फुलावर असताना गोटा ठेवायचा. "म्हणून दाखव," गुरुजी म्हणाले. आणि कचरूनं, धाब्यावरच्या गोंगाटात, म्हणून दाखवलं. मधे एकदा चुकला, तर गुरुजींनी पहिल्यापासून म्हणायला लावलं.

सुमन आता जालन्याला आजी झाली आहे. ती फोनवर रडायला लागली. "गुरुजी, आम्हीच काढली होती की. तुम्ही एकटे का म्हणता?"

"तुम्ही लहान होता. लिहून घे, नातवंडांना सांग."

राहिलेल्या दोघांचे फोन लागले नाहीत. गुरुजी थकले होते, सूनबाईंनी त्यांना आत नेलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "आज दोन घास जास्तच खातील. किती दिवसांनी एवढं बोलले."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूजला परतलो आणि थेट कामावर गेलो. हे लिहायला बसलोय ते त्याच आठवड्यात. तुम्ही म्हैसमाळला जा, गौताळ्याला जा. दोन्ही ठिकाणी श्रावणात जा, आणि एकाच सहलीत जा. एक फूल बघून दुसरं कळत नाही. खाली बसा, मोजा, पण हात खिशात ठेवा. या प्रवासातून मी गुरुजींसाठी समाधान आणायला निघालो होतो, ते काही आणलं नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला सुख म्हणजे ओझं उतरवणं. गुरुजींनी ओझं तसंच ठेवलं आणि हातात खडू घेतला.

आज सकाळी सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, मामंजींना जुन्या हजेरीपटातली आणखी नऊ नावं आठवलीत. नंबर मिळतील का? सकाळपासून आंघोळसुद्धा केली नाही, आधी नंबर म्हणतायत."

चार मिळाले आहेत. बाकीचे शोधतोय.